चौदावा रकाना

४ जून

आज अक्षर असं वेडंवाकडं आलंय, त्याला कारण आहे. एरवी माझं अक्षर फळ्यावरसुद्धा ओळ सोडत नाही.

मधल्या सुट्टीत हेडमास्तर साहेबांनी आम्हा सात ज्येष्ठ मास्तरांना खोलीत बोलावलं. खोलीत खुर्च्या दोनच. एकीवर साहेब, दुसरीवर साहेबांची टोपी. आम्ही भिंतीशी उभे. साहेब म्हणाले, सरकारने कमिटी नेमली आहे. सरकारी शाळांतल्या ज्येष्ठ मास्तरांचे पगार आणि दर्जा नव्याने ठरणार. समुद्रापलीकडून आलेल्यांचेही आणि इथल्यांचेही. इथल्यांपैकी एकदोघांना पहिली श्रेणी मिळेल. पहिली श्रेणी म्हणजे दीडपट पगार आणि वर्गात हातांची खुर्ची.

हातांची खुर्ची! एकोणीस वर्षं मी स्टुलावर बसून शिकवतोय. पाठ टेकायची तर फळ्याला टेकावी लागते, मग घरी ही कोटावरचा खडू झटकत बसते. ड्रॉइंग मास्तरांनी मला कोपराने ढोसलं आणि पुटपुटले, "तुमचीच दिसतेय हो ही." मी गंभीर चेहरा ठेवला, पण कान गरम झाले होते.

मग प्रत्येकाला एक फॉर्म मिळाला. एकवीस रकाने. घरी येऊन वाचत गेलो आणि चौदाव्यापाशी धक्काच बसला. 'आपल्या पगारावर पोसली जाणारी माणसे. संख्या, नाते, किती वर्षांपासून.'

पोसली जाणारी! कोंबड्या पोसतात, म्हशी पोसतात. ही काय भाषा झाली?

घरात आम्ही पाच. मी, ही, थोरली मुलगी, धाकटा मुलगा आणि ताई. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी सात वर्षांचा असताना आईवडील एकाच तापात आठ दिवसांच्या अंतराने गेले. तेव्हापासून ताईच आई. लोकांचे कपडे शिवून तिने मला शिकवलं, आणि त्या गडबडीत तिचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. त्या ताईला 'पोसली जाणारी' म्हणून लिहायचं? माझी जीभ झडेल.

६ जून

अजून चौदावा कोरा आहे. बाकीचे वीस भरले.

आज व्हरांड्यात हेडमास्तर साहेब आपणहून बोलले. म्हणाले, "पहिल्या श्रेणीचा माणूस गर्दीत राहत नाही. लहान, नीटनेटकं घर. कमिटी हे बघते." पुढे हसून म्हणाले, "तुमच्या लोकांकडे नेहमी कुणीतरी आत्या असते." मीही हसलो. कशाला हसलो कोण जाणे.

या गोष्टीचा माझ्या निर्णयाशी काही संबंध नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

७ जून

लिहिलं. तीन. पत्नी, मुलगी, मुलगा.

मी टेबलाच्या या टोकाला फॉर्म लिहीत होतो, त्या टोकाला ताई माझ्या वर्गाच्या निबंधाच्या वह्या तपासत होती. हे बरीच वर्षं चालू आहे. माझे डोळे संध्याकाळी दुखतात आणि तिला वेळ असतो. लहानपणी मला साहेबांच्या भाषेची घोकंपट्टी करून घेता घेता तिचीच ती पक्की झाली. चुकीच्या शब्दाखाली ती लाल शाईने अर्धा चंद्र काढते. मागच्या तपासणीत इन्स्पेक्टरांनी माझ्या नावाखाली लिहिलं होतं, 'वह्या अत्यंत काळजीपूर्वक तपासलेल्या. चुकीची खूण विशेष सुबक.' मी तो शेरा कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

"काय लिहितोयस एवढं?" ताईने विचारलं.

"सरकारी काम गं." मी टीपकागद फॉर्मवर ठेवला.

"शाई ओली आहे. डाग पडेल."

डाग पडलाच, पण नेमका चौदाव्यात नाही. शुभशकुन म्हणायचा.

मन स्वच्छ आहे. आईला कुणी पोसलेलं म्हणत नाही, तसंच हे. तिचा मान राखला, एवढंच.

१९ जून

कमिटीतले एक साहेब निवडक मास्तरांची घरं पाहायला येणार! माझं नाव निवडकांत आहे. ड्रॉइंग मास्तरांचं नाही. ते म्हणाले, "बरं झालं. आमच्याकडे आले असते तर बसवलं कुठे असतं?" त्यांच्या घरी म्हातारी आई, आंधळे काका आणि कोण कोण असतं, मोजायला बसलं तर घोळ होतो.

घरी सांगितल्यावर हिचं धाबं दणाणलं. शेजारणीकडून पडदे आणले. हिने विचारलं, "वन्संना काय सांगायचं?"

"काय सांगायचं म्हणजे?"

"त्या कागदावर त्यांचं नाव आहे ना?"

"सगळं व्यवस्थित आहे," म्हटलं. हिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. हिला ही सवयच आहे.

२३ जून

कसं लिहू तेच कळत नाही. पण लिहितो.

साहेब दहाच्या ठोक्याला आले. उंच, वयाने माझ्याएवढेच, पायात चिखलाचा एक थेंबसुद्धा नाही. हातात माझाच फॉर्म. मी दोन्ही मुलांना पुढे केलं. थोरलीने कविता म्हटली, धाकटा मधेच शिंकला, साहेब हसले. सगळं नामी चाललं होतं.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली.

तिने रोजचंच लुगडं नेसलेलं होतं. ही म्हणाली होती नवं नेसा, तर ताई म्हणाली, चहा सांडला तर? तिने कप ठेवला, साखर विचारली, तीही खुणेने. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे, मग माझ्याकडे. स्वतःच्या भाषेत म्हणाले, "तुम्ही मोलकरीणही ठेवली आहे. छान. किती वर्षं आहे तुमच्याकडे?"

खोटं सांगत नाही. मनात होतं, सांगावं. पण सांगितलं तर हातातला फॉर्म खोटा ठरतो. सरकारी फॉर्म, खाली सही.

"बरीच वर्षं," मी म्हणालो.

साहेबांनी पेन्सिलीने काहीतरी टिपलं. ताई ट्रे घेऊन आत गेली. तिच्या पावलांचा आवाज रोजच्यासारखाच होता. त्या भाषेत तिचं वाचन आहे, पण साहेबांचं बोलणं भरभर, नाकातलं. तिला काय कळणार? मी स्वतःला हेच सांगतोय.

साहेब जाताना दारात म्हणाले, "आदर्श घर."

दुपारी जेवण गेलं नाही. ताईने वाढलं, "घे की अजून," म्हणाली, नेहमीसारखीच.

९ जुलै

विशेष काही नाही. ताईने आठवडाभर वह्यांना हात लावलेला नाही. डोळे दुखतात म्हणते. तिचेही दुखायला लागले, वय झालं. मीच तपासतोय. नव्वद वह्या म्हणजे काय प्रकार असतो हे मी विसरूनच गेलो होतो.

ती हल्ली दुपारी बाहेर जाते. कुठे विचारलं तर म्हणते, "मुलींच्या सरकारी शाळेकडे. ओळख झाली आहे तिथल्या बाईंशी." चांगलं आहे. तेवढीच करमणूक.

२ ऑगस्ट

कमिटीचा अहवाल छापून आला. मास्तरांच्या खोलीत एकच प्रत. ड्रॉइंग मास्तरांनी मोठ्याने वाचायला घेतला आणि चौथ्या पानावर त्यांचा आवाजच बसला.

'इथल्या ज्येष्ठ मास्तराच्या पगारावर सरासरी तीन माणसे असतात. समुद्रापलीकडून आलेल्या मास्तराच्या पगारावर सरासरी सात. सबब इथल्या मास्तरांना पगारवाढीची गरज सिद्ध होत नाही.'

सात! हेडमास्तर साहेबांनी पत्नी आणि एक मुलगा लिहिला होता, शिवाय समुद्रापलीकडे राहणारी आई, दोन मावश्या, स्वयंपाकी आणि घोड्याचा मोतद्दार. घोडा तेवढा लिहायचा राहिला.

मग गणिताच्या मास्तरांनी खाली बघत विचारलं, "चौदाव्यात कुणी काय लिहिलं होतं?"

एकेकाने सांगितलं. ड्रॉइंग मास्तरांनी आई लिहिली नव्हती, काका लिहिले नव्हते. "आईला पोसतो म्हणून लिहू? तिने ऐकलं असतं तर चप्पल काढली असती." गणिताच्या मास्तरांकडे धाकट्या भावाची विधवा आणि चार मुलं असतात. "ती घरचीच आहेत. ती काय भाडेकरू आहेत लिहायला?" कुणी आजी लिहिली नव्हती, कुणी मेहुणा. सातच्या सात जणांनी आपापल्या घरी बसून, एकमेकांना न सांगता, एकच गोष्ट केली होती. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकट्यानेच मान राखला.

ड्रॉइंग मास्तर हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. मुलीचं लग्न त्यांनी या वाढीवर ठरवलं होतं.

मग पुढचं पान आलं. 'इथल्यांपैकी पहिल्या श्रेणीस एकच मास्तर पात्र.' माझं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, 'घर लहान, नीटनेटके. पोसली जाणारी माणसे तीन. नोकर एक, बऱ्याच वर्षांपासून.'

"नोकर?" ड्रॉइंग मास्तरांनी वर पाहिलं. ते दर आठवड्याला माझ्या घरी येतात. ताईच्या हातचा चहा पितात. "तुमच्याकडे नोकर कोण आहे हो?"

त्यांनी अहवाल मिटला आणि माझ्यासमोर ठेवला, दोन बोटांनी, ओल्या फडक्यासारखा. मग सगळे एकेक करून तासाला निघून गेले. घंटा झाली नव्हती.

३ ऑगस्ट

अहवाल घरी आणून कपाटात भूगोलाच्या नकाशांखाली ठेवला होता. सकाळी पाहतो तर ताई खिडकीशी उजेडात तो वाचत बसलेली. तिच्याकडून मी आजवर काही लपवू शकलेलो नाही, चोरून आणलेल्या कैऱ्यासुद्धा नाही.

मी म्हणालो, "ताई, ते छापणाऱ्याने चुकून..."

"छापणाऱ्याने नाही रे. मला त्याच दिवशी कळलं होतं. इतकं काही भरभर बोलत नव्हता तो."

"मी सांगणार होतो."

"ही माझी बहीण. तीन शब्द होते. त्यांच्या भाषेत फार तर चार."

"फॉर्म खोटा पडला असता."

"फॉर्म खोटाच होता." तिने पान दुमडू नये म्हणून अहवाल सपाट केला. माझ्या शाळेच्या वस्तू ती अशाच जपते. "त्यात मला लिहिलं नाहीस याचं मला काही नाही. खरंच नाही. मला तुझ्या पगारावर जगतेय असं कधी वाटलंच नाही. मग तू कशाला लिहावंस? पण तो विचारत होता तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. बघितलंस आणि मग सांगितलंस. ते मला..." तिने चष्मा काढून पुसला. "जाऊ दे. मुलींच्या शाळेत खालच्या वर्गाला मास्तरीण हवी होती. राहायला खोली देतात. मी परीक्षा दिली. झाले पास."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ताई आणि मास्तरीण? बावन्नाव्या वर्षी?

"लोक काय म्हणतील?" मी म्हणालो. तोंडातून पहिलं हेच निघालं. लाज वाटते, पण निघालं ते निघालं.

"म्हणतील, मास्तरांची मोलकरीण काम सोडून गेली."

ही दारात उभी होती. पदर तोंडाला लावून रडत होती. हिला सगळं आधीच ठाऊक होतं असं दिसतं.

६ ऑगस्ट

रात्रंदिवस डोक्यात तेच, म्हणून आज धीर करून हेडमास्तर साहेबांकडे गेलो. ठरवून गेलो होतो की सगळं सांगायचं. श्रेणी गेली खड्ड्यात.

"साहेब, अहवालात एक चूक आहे. माझ्याकडे नोकर म्हणून जी बाई लिहिली आहे..."

"काय झालं? चोरी केली का तिने?"

मी दोन्ही हात हलवले. "नाही, नाही, साहेब."

"मग?"

साहेबांनी दुसऱ्या खुर्चीवरची टोपी उचलून मांडीवर घेतली आणि मला बसायची खूण केली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी बसलो. पाठीला लाकूड टेकलं.

"ती... सोडून जाते आहे," मी म्हणालो.

"मग दुसरी ठेवा," साहेब म्हणाले.

"हो, साहेब," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. इथे लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःलाच पटवीन की म्हणालो नव्हतो.

१० ऑगस्ट

ताई गेली. एक पेटी, शिवणाचा डबा आणि छत्री. मी पेटी उचलायला गेलो तर म्हणाली, "राहू दे, पहिल्या श्रेणीचा आहेस." चेष्टेने म्हणाली. पण मला हसता आलं नाही. शाळा इथून वीस मिनिटांच्या वाटेवर आहे, तरी धाकटा असा रडला की जणू ती बोटीत बसून निघाली.

२७ ऑगस्ट

खुर्ची आली. शिसवी आहे, हात रुंद. मुलं उगाच उभी राहून बघत होती. ड्रॉइंग मास्तर दारावरून गेले, आत पाहिलं नाही.

वह्यांचा ढीग साचला आहे. काल हिला म्हणालो, इन्स्पेक्टर आले तर माझी धडगत नाही. ही म्हणाली, "ठेवा तिथे, मी बघते." मी हसलो. आज संध्याकाळी पाहतो तर नव्वदच्या नव्वद वह्या तपासलेल्या, दोरीने बांधलेल्या! मी थक्क झालो. हिला एवढं येतं? चुकीखाली अर्धा चंद्रसुद्धा अगदी ताईसारखा काढते. शेजारी बसून बसून शिकली असणार. बायकांची समज दांडगी असते. विचारलं तर ही दूध उतू जातंय म्हणत आत गेली.

६ सप्टेंबर

हीच दर आठवड्याला वह्या करते आहे. शनिवारी मुलांना घेऊन ताईकडे जाते, तेव्हाही पिशवी सोबत असते, म्हणजे तिथेही करत असावी. मी अजून ताईकडे गेलो नाही. जाईन.

१४ सप्टेंबर

आता मुलींच्या शाळांचेही पगार आणि दर्जे ठरणार आहेत. तेच एकवीस रकान्यांचे फॉर्म. पहिल्या श्रेणीच्या मास्तराने ते तपासायचे, चुकीची नोंद लाल शाईने खोडायची आणि खाली शेरा, सही आणि हुद्दा लिहायचा. सकाळी कारकुनाने अकरा फॉर्मांचा गठ्ठा खुर्चीच्या रुंद हातावर आणून ठेवला.

सातव्या फॉर्मवरचं अक्षर पाहिलं आणि तिथेच थांबलो. ते अक्षर पाटीवर गिरवून मी लिहायला शिकलो.

वय, शिक्षण, अनुभव, सगळं नीट भरलेलं. अनुभवात 'खासगी, साहेबांच्या भाषेचे निबंध तपासणे, अकरा वर्षे' असं. मग चौदावा.

'पोसली जाणारी माणसे: एक. नाते: भाऊ. किती वर्षांपासून: चौतीस.'

शेजारी खुलाशाची बारीक जागा असते. तिथे लिहिलं होतं, 'हल्ली वेगळा राहतो. आठवड्याला नव्वद वह्या.'

मी ते तीनदा वाचलं. मग ही शनिवारी नेते ती पिशवी आठवली. तिला वरून घट्ट गाठ असते, आणि जाताना ती जड असते तशीच येतानाही जड असते. मी काय मूर्ख माणूस आहे! हिला त्या भाषेत स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही.

वर्गात मुलं बसलेली होती. कुणीतरी विचारलं, "सर, बरं नाही का?" मी त्यांना नकाशा काढायला सांगितलं. कुठला तेही सांगायचं राहिलं. त्यांनी आपापल्या मनाचे काढले.

नियम सरळ आहे. एका घरात राहत नाही, तो पोसलेला धरायचा नाही. नोंद खोडायला हवी. मी लाल शाईची दौत उघडली, टाक बुडवला. पहिल्यांदा त्या शब्दाखाली चुकून अर्धा चंद्रच काढणार होतो, हात आपोआप तसा वळला. मग थांबलो.

लाल टाक ठेवला. काळा घेतला. फॉर्मच्या तळाशी लिहिलं, 'तपासले. सर्व नोंदी बरोबर आहेत.' खाली सही केली. सहीखाली हुद्दा लिहायची जागा आहे, ती कोरी सोडली. उद्या कारकून फॉर्म परत पाठवील. पाठवू दे.

मग वह्यांचा गठ्ठा सोडला आणि पहिली वही तपासायला उघडली. उद्या शनिवार. पिशवी मी नेणार आहे, रिकामी.